कूलर चालू, स्पीकर गप्प: लिनक्सवर एकाच ॲपचा आवाज रेकॉर्ड कसा करायचा

मोबाइल लॅपटॉपच्या स्पीकरसमोर धरून ऑनलाइन क्लास रेकॉर्ड केला, तर मे महिन्यातल्या नागपुरात त्या फाइलमध्ये आधी कूलर ऐकू येतो आणि मग सर. अभ्यासिकेत तर स्पीकर लावायची सोयच नाही. सीताबर्डीच्या बाजारातून ऑक्स वायर आणून हेडफोनच्या भोकातला आवाज माइकच्या भोकात फिरवणारेही आहेत. त्यात घरघर येते, आणि आता बहुतेक लॅपटॉपना माइकचं वेगळं भोकच नसतं. लिनक्सवर यातलं काहीच लागत नाही. ब्राउझरमधला आवाज थेट फाइलमध्ये उतरवता येतो, स्पीकरमधून चकार शब्द न निघता, आणि त्याच वेळी दुसऱ्या ॲपमध्ये गाणी ऐकत बसता येतं.

नवखे लोक सगळ्यात आधी म्यूटचं बटण दाबतात, आणि तिथेच फसतात. ॲप म्यूट केलं की त्याच्याकडून येणारा आवाजच शून्य होतो, मग रेकॉर्डिंगमध्येही शून्यच उतरतं. ब्राउझरच्या टॅबवरचं म्यूट, यूट्यूबच्या खिडकीतलं म्यूट, सगळ्यांचं तेच. स्पीकर म्यूट करून रेकॉर्डिंग काही मशीनवर जमतं, काहींवर नाही. आणि जमलं तरी मेसेजची टिंगटिंग आणि दुसऱ्या टॅबमधली जाहिरातही त्यात मिसळते. आवाज बंद करायचा नाही, त्याची वाट बदलायची.

ही वाट कशी असते ते दोन मिनिटांत समजून घ्या, पुढचं सगळं सोपं जाईल. लिनक्समध्ये ॲप सहसा थेट स्पीकरशी बोलत नाही. ते आपला आवाज साउंड सर्व्हरकडे देतं आणि सर्व्हर तो एखाद्या ‘सिंक’कडे पाठवतो. स्पीकर हा एक सिंक, ब्लूटूथ हेडफोन दुसरा, टीव्हीला जोडलेली एचडीएमआय वायर तिसरा. प्रत्येक सिंकला एक ‘मॉनिटर’ असतो: सिंकमध्ये जे जे येतं ते मॉनिटरमधून रेकॉर्ड करता येतं. आपण एक खोटा सिंक बनवणार आहोत, ज्याच्या पलीकडे कोणताही स्पीकर नाही. त्याला ‘नल सिंक’ म्हणतात. ॲप नल सिंकमध्ये बोलतं, आपल्याला काही ऐकू येत नाही, आणि रेकॉर्डर त्या सिंकच्या मॉनिटरमधून सगळं टिपून घेतो.

तयारी

साउंड सर्व्हर दोन प्रकारचे भेटतात. जुना पल्सऑडिओ आणि नवा पाइपवायर. फेडोरा ३४ पासून, उबुंटू २२.१० पासून आणि लिनक्स मिंट २२ पासून पाइपवायर आहे, उबुंटू २२.०४ किंवा मिंट २१ वापरत असाल तर पल्सऑडिओ. पाइपवायरला पल्सऑडिओच्या कमांड समजतात, म्हणून खालची मुख्य पद्धत दोन्हीकडे सारखीच चालते.

कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा. ‘पीएसीटीएल’ ही सुटी पाच अक्षरं आहेत, मध्ये जागा नाही. बाकीचे शब्द नेहमीच्या स्पेलिंगने. ‘नल’मध्ये शेवटी दोन एल. ‘सिंक’ म्हणजे एस-आय-एन-के, भांडी घासायचं असतं ते. एस-वाय-एन-सी टाइप केलं तर कमांड चालणार नाही, आणि ही चूक अगदी हमखास होते.

आपल्याकडे कोणता सर्व्हर आहे ते पाहायचं असेल तर:

पीएसीटीएल इन्फो

उत्तरात ‘सर्व्हर नेम’ अशी ओळ येते. त्यात पाइपवायरचं नाव असेल तर पाइपवायर, नुसतं पल्सऑडिओ असेल तर पल्सऑडिओ.

आता सॉफ्टवेअर मॅनेजर उघडून ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ शोधा आणि बसवा. पॅकेजचं नाव पावूकंट्रोल: पी-ए-व्ही-यू आणि त्याला लागून कंट्रोल. नावात पल्सऑडिओ असलं तरी पाइपवायरवरही हेच चालतं. सिस्टीम सेटिंग्जमधला साउंडचा पडदा या कामाला पुरत नाही. बहुतेक ठिकाणी तिथे ॲपचा आवाज कमी-जास्त करता येतो, पण त्याची वाट बदलता येत नाही.

नल सिंक बनवणे

टर्मिनल उघडा आणि ही ओळ द्या:

पीएसीटीएल लोड-मॉड्यूल मॉड्यूल-नल-सिंक सिंक_नेम=आरईसी

‘सिंक’ आणि ‘नेम’ यांच्यामध्ये अंडरस्कोअर आहे, बाकी ठिकाणी साधी आडवी रेघ. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका. ‘आरईसी’ हे आपण दिलेलं नाव, तीन अक्षरं. दुसरं काही ठेवलंत तरी चालेल, पण इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न ठेवता.

एंटर मारल्यावर फक्त एक आकडा छापून येतो, समजा २८. तो मॉड्यूलचा क्रमांक आहे, शेवटी लागेल, कागदावर टिपून ठेवा. आकड्याऐवजी ‘फेल्युअर’ आलं तर बहुधा स्पेलिंग चुकलं आहे. आणि कमांडच्या आधी सुडो (ॲडमिन, म्हणजे ‘रूट’च्या अधिकाराने कमांड चालवणारा शब्द) लावू नका. साउंड सर्व्हर तुमच्या नावाने चालू असतो, रूटच्या नावाने नाही. सुडो लावलं की ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणून हात वर करतो. प्रत्येक कमांडला सुडो लावायची सवय ज्यांना लागली आहे त्यांचं इथे अडतं.

ही कमांड दोनदा दिलीत तर दोन नल सिंक तयार होऊ शकतात आणि पुढे आपण कोणता निवडला याचा घोळ होतो. एकदाच द्या.

ॲप तिकडे वळवणे

ब्राउझरमध्ये जे रेकॉर्ड करायचं ते सुरू करा. उदाहरणार्थ आकाशवाणी नागपूरचं ऑनलाइन प्रसारण, किंवा क्लासचा व्हिडिओ. आवाज प्रत्यक्ष चालू असायला हवा, कारण पावूकंट्रोलला फक्त आवाज करणारी ॲपच दिसतात. थांबवलेला व्हिडिओ यादीत नसला तर घाबरू नका, प्ले दाबा.

पावूकंट्रोलमध्ये ‘प्लेबॅक’ टॅब उघडा. फायरफॉक्सच्या नावापुढे उजवीकडे एक बटण असतं, त्यावर आत्ताच्या स्पीकरचं नाव लिहिलेलं असतं. ते दाबा, यादीतून नल सिंक निवडा. कुठे तो ‘नल आउटपुट’ म्हणून दिसतो, कुठे ‘आरईसी’पासून सुरू होणाऱ्या लांबलचक नावाने. निवडल्याक्षणी स्पीकर गप्प होतो, पण फायरफॉक्सच्या नावाखालची आवाजाची पट्टी नाचत राहते. दोन्ही एकदम घडलं की समजा, वाट बदलली.

एकाच ब्राउझरमध्ये दोन-तीन टॅब आवाज करत असतील तर यादीत सारख्या नावाच्या नोंदी दिसतात आणि कुठली कोणाची ते कळत नाही. यावर फार डोकं लावण्यात अर्थ नाही. रेकॉर्डिंगसाठी फायरफॉक्स आणि बाकी कामासाठी क्रोमियम, असे दोन ब्राउझर ठेवा.

रेकॉर्डर जोडणे

सगळ्यात हलका रेकॉर्डर तुमच्याकडे बहुधा आधीपासूनच आहे:

पीएरेकॉर्ड --डिव्हाइस=आरईसी.मॉनिटर --फाइल-फॉरमॅट=फ्लॅक क्लास.फ्लॅक

‘पीए’ ही दोन अक्षरं आणि त्याला लागून ‘रेकॉर्ड’. डिव्हाइस आणि फाइल यांच्याआधी दोन-दोन आडव्या रेघा. ‘फ्लॅक’ म्हणजे एफ-एल-ए-सी, दर्जा न घटवता आवाज दाबून साठवणारा फाइलचा प्रकार. कमांड दिली की पडद्यावर काही दिसत नाही, कर्सर नुसता उभा राहतो. तो अडकलेला नाही, रेकॉर्डिंग चालू आहे. थांबवायला कंट्रोल आणि सी एकत्र दाबा. खिडकीच्या फुलीवर क्लिक करून टर्मिनल बंद करू नका, फाइल नीट बंद होण्याची खात्री नाही.

डोळ्यांना लाटा दिसल्याशिवाय ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांनी ऑडॅसिटी हे मोफत रेकॉर्डिंग ॲप घ्यावं. होस्ट ‘अल्सा’ (लिनक्सची साउंड कार्डशी थेट बोलणारी यंत्रणा) ठेवा, रेकॉर्डिंग डिव्हाइस ‘पल्स’, ते नसेल तर ‘डिफॉल्ट’. इथे एक गंमत आहे. ऑडॅसिटीला मॉनिटर द्यायचा तो पावूकंट्रोलच्या ‘रेकॉर्डिंग’ टॅबमधून, पण रेकॉर्डिंग चालू असल्याशिवाय ऑडॅसिटी तिथे उगवतच नाही. म्हणून आधी लाल बटण दाबा, जे काही उतरतंय ते उतरू द्या, मग पावूकंट्रोलमध्ये जाऊन ऑडॅसिटीच्या नावापुढच्या बटणातून नल सिंकचा मॉनिटर निवडा. सपाट रेषेच्या जागी लाटा यायला लागतात. आता थांबवा, तो तुकडा पुसा आणि खरं रेकॉर्डिंग नव्याने सुरू करा. ही निवड पुढच्या वेळी सहसा लक्षात ठेवली जाते.

ऑडॅसिटीतली एक सेटिंग मात्र आधी बघा: येणारा आवाज रेकॉर्डिंग चालू असताना ऐकवण्याची सोय त्यात आहे, जुन्या आवृत्त्यांत तिला ‘सॉफ्टवेअर प्लेथ्रू’ म्हणतात. ती चालू राहिली तर नल सिंकमध्ये पाठवलेला आवाज ऑडॅसिटीमार्फत पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो, आणि सगळी मेहनत पाण्यात.

मोठ्या रेकॉर्डिंगआधी दहा सेकंदांची चाचणी करा आणि ती फाइल ऐकून पहा. आपण काहीच ऐकत नसल्यामुळे चूक झाली तरी रेकॉर्डिंग संपेपर्यंत कळत नाही. दीड तासाची मुकी फाइल हाती येण्यापेक्षा हे दहा सेकंद स्वस्त.

फाइल मुकी निघाली, किंवा भलतंच उतरलं

पावूकंट्रोलमध्ये आवाजाच्या पट्ट्या तीन ठिकाणी पाहायच्या, त्या क्रमाने पाहत जा. ‘प्लेबॅक’मध्ये ॲपची पट्टी हलत नसेल तर ॲपच म्यूट आहे किंवा त्याच्या आतलं व्हॉल्यूम शून्यावर आहे. ती हलते, पण ‘इनपुट डिव्हाइसेस’मध्ये नल सिंकच्या मॉनिटरची पट्टी हलत नाही, तर ॲप अजून स्पीकरकडेच जातंय किंवा दोन नल सिंकांमधला भलताच निवडला गेलाय. मॉनिटर तिथे दिसतच नसेल तर खालच्या ‘शो’ यादीतून मॉनिटर्स निवडा. मॉनिटरही हलतो, पण फाइल मुकी, तर दोष रेकॉर्डरकडे आहे: ‘रेकॉर्डिंग’ टॅबमध्ये त्याला चुकीचा स्रोत जोडला गेलाय.

फाइलमध्ये कूलर ऐकू आला तर शोधाशोध करायचं कारण नाही, रेकॉर्डर माइकवर आहे. खात्री करायची तर रेकॉर्डिंग चालू असताना टेबलावर टिचकी मारा. ऑडॅसिटीत टोकदार रेघ उठली की माइकच.

आवाज आला पण फार बारीक, तर व्हॉल्यूम कुठेतरी कमी आहे. वेबसाइटची स्वतःची पट्टी, प्लेबॅकमधली ॲपची पट्टी, ‘आउटपुट डिव्हाइसेस’मधली नल सिंकची, त्याच्या मॉनिटरची आणि ‘रेकॉर्डिंग’मधली रेकॉर्डरची, या सगळ्या १०० टक्क्यांवर ठेवा. १०० च्या वर नेऊ नका. आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कशानेही नीट होत नाही. आपल्याला ऐकू येतच नसल्यामुळे व्हॉल्यूम कमी ठेवण्याचं काही कारणही उरत नाही.

मध्येच स्पीकर बोलायला लागला, असंही होतं. एक व्हिडिओ संपून दुसरा सुरू झाला की ब्राउझर कधीकधी नवी नोंद उघडतो आणि ती मूळ स्पीकरकडे जाऊ शकते. अभ्यासिकेत बसला असाल तर ॲप नल सिंककडे वळवल्यानंतर स्पीकर खुशाल म्यूट करा. ॲपची वाट आता स्पीकरवरून जात नाही, त्यामुळे रेकॉर्डिंगला धक्का लागत नाही. आणि वाट चुकलीच तरी चार डोकी वळून तुमच्याकडे बघणार नाहीत.

याउलट नल सिंक बनवल्याबरोबर सगळ्याच कॉम्प्युटरचा आवाज गेला, तर सिस्टीमने त्यालाच मुख्य सिंक धरलंय. ‘आउटपुट डिव्हाइसेस’मध्ये खऱ्या स्पीकरसमोरचं हिरव्या खुणेचं बटण दाबा.

एखादं ॲप प्लेबॅकच्या यादीत येतच नसेल, तर ते सर्व्हरला डावलून थेट अल्सावर साउंड कार्ड धरतंय. काही म्युझिक प्लेअरमध्ये अशी सेटिंग असते. त्यात आउटपुट पल्सऑडिओ किंवा पाइपवायर करा.

फाइल किती मोठी होते, आणि लाइन गेली तर

साध्या वेव्ह फाइलचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला ४८,००० नमुने, दोन चॅनल, प्रत्येकी दोन बाइट: सेकंदाला १,९२,००० बाइट, तासाला सुमारे ६९१ एमबी. वेव्हची मर्यादा ४ जीबी, म्हणजे जेमतेम सहा तास. ऑडॅसिटी मूळ सेटिंगवर ३२ बिटमध्ये काम करतं, तिथे हाच तास १.३८ जीबी खातो. डिस्क भरत आली असेल तर आधी जागा करा. फ्लॅकमध्ये दर्जा तोच राहतो आणि जागा बरीच वाचते. पण नुसतं बोलणं असेल, क्लास किंवा मुलाखत, तर ओपस हा छोट्या फाइलचा फॉरमॅट घ्या. ४८ केबीपीएसवर तासाला २२ एमबीच्या आत काम होतं आणि कानाला फरक कळत नाही.

ठरावीक वेळेनंतर आपोआप थांबायला हवं असेल तर एफएफएमपेग वापरा (दोन एफ, मग एम-पी-ई-जी):

एफएफएमपेग -एफ पल्स -आय आरईसी.मॉनिटर -टी ३६०० -बी:ए ४८के क्लास.ओपस

३६०० म्हणजे सेकंद, एक तास. एफ, आय, टी, बी, ए, के ही सगळी एकेकटी अक्षरं. ही कमांड लावून तुम्ही जेवायला जाऊ शकता.

उन्हाळ्यातल्या वादळी संध्याकाळी लाइन जाणारच, आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर रेकॉर्डिंग मध्येच तुटणार. अशा वेळी फॉरमॅट महत्त्वाचा ठरतो. वेव्हच्या सुरुवातीला फाइलची लांबी लिहिलेली असते आणि ती शेवटी भरली जाते. मध्येच वीज गेली तर लांबीची जागा चुकीची राहते आणि काही प्लेअर ती फाइल उघडायलाच नकार देतात. आवाज आत असतो, ऑडॅसिटीच्या ‘इम्पोर्ट रॉ डेटा’मधून तो काढता येतो, पण उगाच खटपट. ओपस फाइल तुकड्या-तुकड्यांनी लिहिली जाते, त्यामुळे वीज जाईपर्यंतचं बहुतेक सगळं शाबूत राहतं.

लॅपटॉपचा धोका वेगळा: तो झोपतो. झाकण लावलं किंवा काही मिनिटं हात लावला नाही की सस्पेंड होतो आणि रेकॉर्डिंग थांबतं. पॉवर सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक सस्पेंड बंद करा. स्क्रीन काळी झाली तर हरकत नाही. व्हिडिओचा दर्जाही खाली आणून ठेवा. चित्र कोणी बघत नसताना प्रोसेसरला ४५ अंशांत कशाला तापवायचं?

वायरी ओढून जोडायची पद्धत

पाइपवायर असेल तर नल सिंकशिवायही काम होतं. क्यूपीडब्ल्यूग्राफ बसवा. त्यात प्रत्येक ॲप आणि प्रत्येक स्पीकर एकेका चौकोनात दिसतो आणि त्यांच्यामध्ये वायरी असतात. फायरफॉक्सपासून स्पीकरकडे जाणाऱ्या डाव्या-उजव्या दोन्ही वायरी निवडून डिलीट करा, आणि फायरफॉक्सच्या दोन टोकांपासून रेकॉर्डरच्या दोन टोकांपर्यंत माउसने नव्या ओढा. सगळं नजरेसमोर घडतं, म्हणून शिकायला ही पद्धत उत्तम. रोजच्या कामाला मात्र नल सिंकच बरा, कारण ॲपने आवाज थांबवून पुन्हा सुरू केला की सिस्टीम स्पीकरची वायर स्वतःहून परत जोडू शकते. ते टाळायला पॅचबे (वायरींच्या जोडणीचा आराखडा) सेव्ह करून ‘ॲक्टिव्हेटेड’ आणि ‘एक्सक्लुझिव्ह’ हे दोन्ही पर्याय चालू ठेवावे लागतात.

ऑनलाइन मीटिंग अशा प्रकारे रेकॉर्ड करत असाल तर समोरच्यांना आधी सांगा. त्यांच्या पडद्यावर रेकॉर्डिंगची कुठलीही खूण येत नाही. आणि नल सिंकमध्ये फक्त समोरच्यांचा आवाज जातो. तुमचा माइक वेगळा आहे, तो यात उतरणार नाही.

काम झाल्यावर

आधी रेकॉर्डिंग थांबवा, मग प्लेबॅक टॅबमध्ये जाऊन फायरफॉक्सला परत खऱ्या स्पीकरवर आणा, आणि शेवटी नल सिंक काढून टाका. आकडा तुम्ही टिपून ठेवलेला तो:

पीएसीटीएल अनलोड-मॉड्यूल २८

कॉम्प्युटर रीस्टार्ट केला तरी नल सिंक आपोआप जातो. रोज लागत असेल तर ‘स्टार्टअप ॲप्लिकेशन्स’मध्ये लोड-मॉड्यूलची ओळ जशीच्या तशी टाकून ठेवा. फक्त फायरफॉक्सला परत आणायची पायरी चुकवू नका. कोणतं ॲप कोणत्या सिंककडे जायचं हे सर्व्हर लक्षात ठेवतो, त्यामुळे पुढच्या वेळी नल सिंक बनवला की फायरफॉक्स गुपचूप तिकडे निघून जातो. मग घरचे म्हणतात यूट्यूबचा आवाज गेला, कोणी ड्रायव्हर शोधतं, कोणी लिनक्स नव्याने टाकायला निघतं. आणि प्लेबॅक टॅबमधल्या त्या एका बटणावर अजूनही ‘आरईसी’ लिहिलेलं असतं.